बदली गाडी आणि दुसरी किल्ली : कंपनीच्या एका गाडीचं प्रकरण

हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण त्यात मुद्दाम चूक कुणीच केली नव्हती. गाडी पाच-सहा जणांच्या हातांतून गेली, प्रत्येकाने आपापला कागद भरला, सही केली. तरीही साडेतीन महिने ती एकाच किल्लीवर धावली, आणि दुसरी किल्ली कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आमच्यासारख्या फिरतीच्या नोकरीत कंपनीची गाडी दुसऱ्याकडून आपल्याकडे येणं आता नेहमीचं झालंय. अशी गाडी ताब्यात घ्यायची वेळ ज्यांच्यावर येईल, त्यांना यातलं काही उपयोगी पडावं.

मी पुण्यातल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. माझ्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूर हे तीन जिल्हे. ग्राहक मुख्यतः साखर कारखाने. नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की मार्चपर्यंत आठवड्यातले चार दिवस रस्त्यावर जातात. कारखान्याचा इंजेक्शन पंप (थंड पाणी पुरवणारा) बंद पडला की व्हॅक्युम पॅनचा, म्हणजे साखरेचा पाक शिजवायच्या बंद भांड्याचा, व्हॅक्युम पडतो, आणि बाहेर अड्ड्यावर उसाच्या गाड्यांची रांग वाढत जाते. अशा वेळी फोन आला की दोन-तीन तासांत निघावं लागतं. गाडी हे माझं हत्यार आहे, पाना किंवा डायल गेजइतकंच.

आधीची गाडी २०१९ ची डिझेल डिझायर. तिच्या १२४८ सीसीच्या इंजिनाबद्दल वेगळं सांगायला नको. एके काळी निम्म्या देशातल्या छोट्या डिझेल गाड्या त्याच इंजिनावर चालत होत्या. एप्रिल २०२० मध्ये गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू झाले तेव्हा ते बंद झालं, म्हणजे माझी गाडी शेवटच्या पिढीतली. पाच वर्षांत १ लाख ८६ हजार किलोमीटर झाले. लांबच्या रस्त्याला २१-२२ चं ॲव्हरेज शेवटपर्यंत मिळालं. ३७८ लिटरच्या डिकीत माझी टूल-पेटी, मेकॅनिकल सीलचे खोके, ग्लँड पॅकिंगची रिळं आणि कपड्यांची बॅग एकावर एक न रचता बसत.

त्या गाडीला दोन किल्ल्या होत्या. एक माझ्या खिशात, दुसरी घरी देवघराशेजारच्या खिळ्याला. ती दुसरी किल्ली पाच वर्षांत एकदाच कामाला आली. साताऱ्याला एका वर्कशॉपच्या आवारात मी किल्ली गाडीत ठेवून दार लावून बसलो. बायकोला फोन केला. तिने रिक्षाने स्वारगेट गाठलं, किल्ली पाकिटात घालून, वर माझा मोबाइल नंबर लिहून सातारा विनाथांबा गाडीच्या वाहकाकडे दिली, आणि तीन तासांत किल्ली माझ्या हातात आली. त्या दिवशी मला वाटलं होतं की हे किती सोपं आहे. सोपं होतं, कारण खिळ्यावर किल्ली होती.

ही गाडी कंपनीने लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याने, घेतलेली. ती मुदत संपली आणि १८ नोव्हेंबर २०२४ ला वाघोलीच्या एका यार्डातून मला बदली गाडी मिळाली. नवी नव्हे. आमच्याच कंपनीतले नाशिकचे एक सहकारी नोकरी सोडून गेले होते, त्यांची. लीजची अजून दोन वर्षं शिल्लक होती, म्हणून ती माझ्या नावे वळवली. पेट्रोलवर चालणारी छोटी एसयूव्ही, एएमटी गिअरबॉक्स, बटणाने सुरू होणारी, ४१ हजार किलोमीटर झालेली. गाडी कुठल्या कंपनीची हे लिहीत नाही, कारण प्रश्न गाडी बनवणाऱ्याचा नाहीच.

ताबा घेतला तेव्हा संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते. यार्डातल्या मुलाने क्लिपबोर्डला लावलेला फॉर्म पुढे केला. आरसीची प्रत, विमा, पीयूसी, जॅक, पाना, स्टेपनी, सगळ्यांपुढे टिका. त्यातच एक ओळ होती : ‘की – १ सेट’. त्याने माझ्या हातात एक स्मार्ट की ठेवली, मी सही केली. दुसऱ्या दिवशी पहाटे इस्लामपूरला निघायचं होतं, आणि माझं सगळं लक्ष टायरांवर आणि बॉडीवरच्या ओरखड्यांवर होतं. या प्रकरणातली माझी चूक ही, आणि ती मी आधीच सांगून टाकतो. ‘सेट’ म्हणजे किती, हे मी विचारलं नाही.

आता गाडीबद्दल.

पहिल्या आठवड्यात सर्वांत मोठा फरक डाव्या गुडघ्याला कळला. खेड-शिवापूरपासून खंबाटकीपर्यंत सुट्टीच्या दिवसांत जी गर्दी असते, तिच्यात क्लच दाबून-दाबून माझा गुडघा रात्री ठणकायचा. ते थांबलं. एएमटी म्हणजे आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं एक ॲक्च्युएटर करतो. त्यामुळे गिअर बदलताना क्षणभर गाडी श्वास घेतल्यासारखी थांबते. सपाटीला त्याची सवय होते. खंबाटकी घाट चढताना मात्र, पुढे उसाचा ट्रक आणि मागे घाईतली बस असताना, तो क्षण नको त्या वेळी येतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून मी घाट सुरू होण्याआधीच लिव्हर मॅन्युअलवर घेऊ लागलो. दुसरा गिअर धरून ठेवायचा आणि वर गेल्यावरच सोडायचा. त्यानंतर तक्रार उरली नाही.

उंच बसण्याचा फायदा रात्री कळतो. हंगामात कराडच्या पुढे आडरस्त्याला वळलं की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रेलर, त्यावर बाहेर लोंबणारे ऊस, आणि मागे दिवा तर सोडाच, रिफ्लेक्टरची पट्टीही नसते. डिझायरमधून ते ट्रेलर अगदी जवळ गेल्यावर दिसत. इथे नजर बॉनेटच्या वरून लांब जाते आणि पाय आपोआप आधी ब्रेकवर येतो. एलईडी दिव्यांचा पांढरा झोत स्वच्छ रात्री उत्तम; पण कारखान्याजवळ धूळ आणि चिमणीचा धूर साचलेला असला की तोच झोत समोर भिंतीसारखा उभा राहतो. जुन्या गाडीचा पिवळट हॅलोजन तिथे बरा होता, असं माझं मत आहे.

ॲव्हरेज १४ ते १५. पुणे–कोल्हापूर–पुणे फेरीला इंधनाचा खर्च वाढला आणि त्यासाठी महिन्याची मर्यादा वाढवून घ्यावी लागली. डिकी कमी खोल असल्याने टूल-पेटी मागच्या सीटवर आली. हे दोन्ही तोटे मी मान्य करून टाकले. गाडी चांगली आहे.

दुसऱ्याने वापरलेल्या गाडीत त्या माणसाचं बरंच काही मागे राहतं. डॅशबोर्डवर सप्तशृंगीचा छोटा फोटो होता. तो मी तसाच ठेवला. मागच्या सीटच्या फटीत लहान मुलाचा एक मोजा सापडला. स्क्रीनवरच्या ब्लूटूथच्या यादीत त्यांच्या फोनचं नाव, आणि नकाशात ‘घर’ म्हणून नाशिकचा पत्ता. कुणाच्या घराचा पत्ता असा अनोळखी माणसाच्या हातात जाणं मला बरं वाटलं नाही. पहिल्याच रविवारी सिस्टिम रीसेट करून ते सगळं पुसलं. गाडी सोडताना हे काम ज्याचं त्याने करायला हवं, पण राजीनाम्याच्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहणार?

फास्टॅगही त्यांच्याच मोबाइल नंबरला जोडलेला राहिला होता. तिसऱ्या दिवशी तासवडे टोलनाका ओलांडला आणि पाच मिनिटांत अनोळखी नंबरवरून फोन आला.

“नमस्कार भाऊ, तुम्ही आत्ता कराडच्या अलीकडे आहात ना? मला टोलचा मेसेज आला. गाडी तुमच्याकडे आली का माझी?”

अशी आमची ओळख झाली. गोड बोलणारा माणूस. गाडीची सर्व्हिस कधी झाली, डावीकडचा पुढचा टायर कधी बदलला, सगळं सांगितलं. मी सहज विचारलं, “दुसरी किल्ली तुमच्याकडे राहिलीय का?” ते म्हणाले, “नाही हो. मी दोन्ही जमा केल्यात.” यार्डवाल्यांशी बोलावं लागेल असं मी मनात ठरवलं आणि हंगामाच्या धावपळीत ते राहूनच गेलं.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वाळवा तालुक्यातल्या एका कारखान्यात इंजेक्शन पंपाचं ग्लँड, म्हणजे शाफ्टभोवतीचं पाणी अडवणारा भाग, गळत होतं. पंप हाउस स्प्रे पाँडच्या, म्हणजे गरम पाणी फवारून थंड करायच्या तळ्याच्या, कडेला. मी ग्लँड फॉलोअरचे नट आवळायला वाकलो आणि शर्टाच्या वरच्या खिशातून किल्ली सरळ खालच्या चरात पडली. चर म्हणजे वीतभर खोल, त्यात ग्लँडमधून गळालेलं कोमट पाणी आणि ग्रीसचा तवंग, आणि ते पाणी पुढे जाळीतून पाँडकडे जातं. पंप ऑपरेटर धावत आला. “साहेब, काय हुडकताय?” त्याने बाही वर करून हात घातला आणि जाळीच्या अलीकडे हातभर अंतरावर किल्ली सापडली. जाळी ओलांडून गेली असती तर पाँड उपसल्याशिवाय मिळाली नसती, आणि चालू हंगामात पाँड कोण उपसणार?

गाडीजवळ आलो. दाराचं बटण दाबलं, काही नाही. किल्लीवरचं बटण दाबलं, काही नाही. रात्रीचे साडेनऊ, पुणे दीडशे किलोमीटरच्या पुढे, लॅपटॉप आणि सगळं सामान आत.

स्मार्ट कीचं काम कसं चालतं हे मला तोवर वरवरच माहीत होतं. त्या रात्री ते कामाला आलं. या किल्लीत खरं तर तीन किल्ल्या असतात. पहिली रेडिओची. आपण दाराला हात लावला की गाडी सुमारे १२५ किलोहर्ट्झवर हाक मारते आणि किल्ली ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास ओ देते. त्यासाठी तिला सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा चपटा सेल लागतो. दुसरी साधी धातूची पाती, बाजूची कळ दाबली की बाहेर निघते. तिने ड्रायव्हरचं दार उघडतं. तिसरी म्हणजे आतली इमोबिलायझरची चिप. तिला सेल लागतच नाही. गाडीच्या अँटेनाजवळ नेली की तिच्या चुंबकीय क्षेत्रातूनच तिला तेवढी वीज मिळते आणि ती आपला सांकेतिक क्रमांक सांगते. तो क्रमांक गाडीच्या ईसीयूच्या, म्हणजे आतल्या संगणकाच्या, स्मरणात असला तरच इंजिन सुरू होतं.

मी पाती काढून दार उघडलं. सेल काढला, किल्ली रुमालाने पुसली, कारखान्याच्या कंट्रोल रूममधल्या पंख्यासमोर अर्धा तास धरली. मग ब्रेक दाबून किल्लीची पाठ स्टार्टच्या बटणाला टेकवली आणि तिनेच बटण दाबलं. इंजिन सुरू झालं. चिप शाबूत होती. रेडिओचा भाग दुसऱ्या दिवशी नवा सेल घातल्यावर पूर्ववत झाला. पण परतीच्या वाटेवर मी कुठे चहालाही थांबलो नाही. एवढ्या सगळ्या यंत्रणेचा भार एका बोटभर प्लॅस्टिकवर होता.

दुसऱ्या किल्लीचा खरा शोध तिथून सुरू झाला.

यार्डला फोन केला. त्यांचं उत्तर : ‘आमच्याकडे जे आलं ते दिलं, फॉर्मवर १ सेट आहे, तुमची सही आहे.’ लीज कंपनीच्या मुंबई कार्यालयाला मेल केली. उत्तर आलं की गाडी परत घेतानाच्या फॉर्मवर ‘की – १ सेट’ आहे, म्हणजे दोन्ही किल्ल्या यार्डात जमा आहेत. आमच्या ॲडमिनच्या मॅडमनी नाशिकहून आलेला कागद काढला. त्यावरही तेच, ‘की – १ सेट’. तीन फॉर्म, तीन सह्या आणि तिन्हीकडे एकच शब्द. यार्डातल्या मुलाच्या लेखी सेट म्हणजे हातात आलेली किल्ली. मुंबईच्या बाईंच्या लेखी सेट म्हणजे जोडी. नाशिकच्या कागदावर तो शब्द लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, हे विचारायला तो माणूस आता त्या कामावर नव्हता.

हे सगळं प्रकरण त्या एका शब्दाने घडवलं असं मी आता म्हणतो. त्या वेळी मात्र माझा संशय नाशिकच्या सहकाऱ्यांवर गेला. मी पुन्हा फोन केला आणि थोडं कडक विचारलं. ते दुखावले. म्हणाले, “भाऊ, गाडी जमा करण्याआधी बंपर रंगवायला बॉडी शॉपमध्ये दिली होती. एक किल्ली तिथे दिली, दुसरी ऑफिसात नेऊन दिली. गाडी तिथूनच यार्डच्या ड्रायव्हरने उचलली. मी खोटं कशाला बोलू?” मी बॉडी शॉपचा नंबर घेऊन विचारलं. पलीकडून उत्तर : ‘बोर्डावर त्या नंबरच्या गाडीची किल्ली नाही.’ मला वाटलं, झालं, हा धागाही तुटला.

जानेवारीत मी रविवार पेठेतल्या एका चावीवाल्याकडे गेलो. तीन पिढ्यांचं दुकान, भिंतभर कोऱ्या चाव्या टांगलेल्या, आणि खाली टेबलावर चावी कापायच्या मशीनशेजारी स्कॅनरचा टॅब. म्हातारे काका कुलपं बघत होते, मुलगा गाड्या. त्याने माझं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि पहिला प्रश्न असा विचारला, जो तोवर कुणीच विचारला नव्हता : “साहेब, गाडीला किती चाव्या माहिती आहेत ते पाहिलंत का?”

स्टिअरिंगखालच्या पोर्टला त्याने स्कॅनर लावला. दोन मिनिटांत स्क्रीनवर आकडा आला : २. म्हणजे गाडीच्या स्मरणात दोन किल्ल्या होत्या. एक माझ्या हातात. दुसरी नाशिक, मुंबई, वाघोली यांच्यामध्ये कुठेतरी, आणि ती जिवंत. ज्याच्या हाती ती असेल त्याने गाडीचा नंबर ओळखला, तर काच न फोडता, वायर न कापता तो गाडी घेऊन जाऊ शकत होता. तोवर दुसरी किल्ली मला सोयीची वस्तू वाटत होती. तिथून तो सुरक्षेचा प्रश्न झाला.

त्या मुलाने अर्ध्या दरात किल्ली बनवून द्यायची तयारी दाखवली. त्याच्या कसबावर माझा विश्वास होता आणि गाडी माझ्या मालकीची असती तर मी तिथेच बनवली असती. पण ही कंपनीची गाडी, वॉरंटी शिल्लक, आणि पुढे काही झालं तर कागद दाखवावा लागणार. उद्या गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी दाव्यासोबत मूळ किल्ल्यांची जोडी मागते. एकच किल्ली दिली तर निष्काळजीपणाचा प्रश्न निघतो आणि दावा अडकतो. म्हणून दुसरी किल्ली नाही याची नोंद असणं, आणि नवी किल्ली अधिकृत ठिकाणी बनली याचं बिल असणं, दोन्ही गरजेचं होतं. त्याने तपासणीचे पैसे घेतले नाहीत. मी घराच्या कुलपाच्या दोन चाव्या त्याच्याकडून करून घेतल्या.

अधिकृत वर्कशॉपच्या सर्व्हिस ॲडव्हायझरने यादी दिली : आरसीची प्रत, मालकाचं लेटरहेडवरचं पत्र, किल्ली घेणाऱ्याचं ओळखपत्र, आणि किल्ली गहाळ झाल्याची पोलिसांकडची नोंद. एवढे कागद मागतात ते बरोबरच आहे. ते न मागता किल्ली मिळू लागली तर कुणाच्याही गाडीची किल्ली कुणीही करून घेईल. अडचण अशी, की आरसीवर मालक म्हणून नाव लीज कंपनीचं, गाडी वापरायचा करार आमच्या कंपनीचा, आणि स्टिअरिंगवर मी. माझं नाव कुठल्याही कागदावर मालक म्हणून नाही, त्यामुळे माझ्या अर्जाला वर्कशॉपच्या लेखी किंमत नव्हती. लीज कंपनीचं पत्र यायला अठरा दिवस लागले.

आणि गहाळ नोंद कोण करणार? समन्वय पाहणाऱ्या एका गृहस्थांनी मला सुचवलं, “सर, तुमच्याकडून हरवली असं लिहून टाका. ऑनलाइन होतं, दहा मिनिटांचं काम आहे.” मी नाही म्हणालो. हे काम लांबलं ते मुख्यतः माझ्या या नकारामुळे, तरी तो नकार योग्यच होता असं मला आजही वाटतं. जी किल्ली मी कधी पाहिली नाही ती मी हरवली असं पोलिसांना लिहून देणं हे खोटं निवेदन झालं असतं. शिवाय हरवल्याची तारीख आणि जागा कुठली लिहिणार? उद्या विम्याच्या चौकशीत तीच तारीख माझ्यापुढे ठेवली असती तर मी काय उत्तर दिलं असतं? आणि खर्च माझ्या पगारातून कापायलाही तेवढाच कागद पुरला असता.

ॲडमिनच्या मॅडमनी यातून वाट काढली. त्यांनी कंपनीच्या वतीने नोंद केली, मजकूर असा : ‘१८ नोव्हेंबर २०२४ रोजी वाहन ताब्यात घेताना दोनपैकी एकच किल्ली मिळाली, दुसरी किल्ली संबंधितांकडे चौकशी करूनही आढळली नाही.’ यातला एक शब्दही खोटा नव्हता. वर्कशॉपने तो कागद चालवून घेतला. विम्याच्या पॉलिसीत किल्ली बदलून मिळण्याचं जादा कव्हर होतं, पण त्याला हरवल्याची निश्चित तारीख लागते. ती आमच्याकडे नव्हती, म्हणून तो दावा आम्ही केलाच नाही.

पैसे कोणी द्यायचे यावर जी मेल-साखळी झाली ती इथे देत नाही. कोडिंग आणि कर धरून १२ हजारांच्या आसपास खर्च आला आणि शेवटी तो आमच्या कंपनीने देखभालीच्या खात्यातून केला.

चॅसी नंबरवरून मागवलेली किल्ली तेरा दिवसांनी आली. ४ मार्चला मी गाडी घेऊन गेलो. आधी बजावलं होतं की हातात असलेली किल्लीही आणा. कारण नवी किल्ली नोंदवताना या गाडीच्या स्मरणातल्या सगळ्या जुन्या किल्ल्या पुसल्या जातात, आणि समोर असतील तेवढ्याच नव्याने नोंदवल्या जातात. मी मेकॅनिकच्या शेजारच्या सीटवर बसून सगळं पाहिलं. त्याने पोर्टला यंत्र लावलं, कंपनीकडून आलेला पिन टाकला. स्क्रीनवर आकडा २ वरून ० झाला. त्या क्षणी ती गाडी कुणाचीच नव्हती. दोन्ही किल्ल्या आमच्या हातात असून तिला त्या अनोळखी होत्या. मग माझी जुनी किल्ली बटणाला टेकवली : १. नवी टेकवली : २. एकूण वीस-बावीस मिनिटं.

मी त्याला एक विनंती केली. जुनी किल्ली पार वर्कशॉपच्या काउंटरवर ठेवून यायची आणि फक्त नव्या किल्लीने गाडी उघडून, सुरू करून, लॉक करून पाहायची. मग उलट. दोन्ही किल्ल्या गाडीजवळ असल्या तर कोणती काम करतेय ते कळत नाही, म्हणून प्रत्येक एकटी तपासायची. नव्या किल्लीची पातीही दारात फिरवून पाहिली. किल्लीसोबत तिच्या क्रमांकाची छोटी धातूची पट्टी आली होती. ती लोकांकडून बहुधा किल्लीच्या जुडग्यातच राहते, आणि जुडगा हरवला की तीही जाते. मी ती काढून मॅडमकडे फाइलमध्ये जमा केली.

मॅडमनी आमचा ताबा-फॉर्म बदलला. ‘की – १ सेट’ ही ओळ गेली. आता तिथे तीन चौकटी आहेत : पहिली रिमोट किल्ली, दुसरी रिमोट किल्ली, क्रमांकाची पट्टी. आणि तिन्ही तळहातावर ठेवून काढलेला फोटो मेलला जोडल्याशिवाय गाडी ताब्यात दिली असं धरलं जात नाही. बाकी फॉर्म होता तसाच आहे.

जुलैत नाशिकहून एक कुरिअर आलं. बॉडी शॉपवाल्यांनी कार्यालय रंगवायला काढलं तेव्हा एका खणात किल्ली सापडली. तिच्या चिठ्ठीवर गाडीचा नंबर नव्हता, फक्त जॉब कार्डचा क्रमांक होता. म्हणून जानेवारीत बोर्डावर शोधताना ती दिसली नव्हती. मी ती घेऊन खाली पार्किंगमध्ये गेलो. बटण दाबलं, गाडीने ओळख दिली नाही. सेल बदलला, तरी नाही. पाठ स्टार्टच्या बटणाला टेकवली, स्क्रीनवर ‘किल्ली आढळली नाही’ या अर्थाची सूचना आली. पण पाती काढून दारात घातली तेव्हा दार उघडलं. कोडिंगने इंजिनाचा प्रश्न सुटतो, दाराच्या कुलपाचा नाही. त्यासाठी कुलूपच बदलावं लागतं. तेव्हापासून लॅपटॉप गाडीत ठेवून मी जात नाही. ती किल्ली पत्रासोबत ॲडमिनकडे दिली आणि पोलिसांकडच्या नोंदीच्या फाइलला तिची पोच लावली.

त्या संध्याकाळी मी नाशिकला फोन केला.

“भाऊ, तुमची किल्ली मिळाली. बॉडी शॉपमध्येच होती. तुम्ही खरं सांगत होतात, मी तुमच्यावर उगाच संशय घेतला. मला माफ करा.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, “अहो, माफी कसली. माझ्याही मनात तेच सलत होतं, की खरंच दिली होती ना मी?” मग त्यांनी विचारलं, सप्तशृंगीचा फोटो अजून आहे का गाडीत. आहे म्हटलं.